उन्हाळी वाचनाची यादी आणि कपाटाची किल्ली : आपल्या चर्चच्या पंचकमिटीला खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब, पंचकमिटीचे सभासद आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक-शिक्षिका,

येशूच्या गोड नावात सलाम.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी माझी मुलगी चित्रकलेच्या क्लासवरून घरी आली. वय वर्षं अकरा. दार नुसतं लोटलेलं. आजोबांच्या चपला उंबऱ्याशी, आजीचा चष्मा उघड्या पवित्र शास्त्रावर, पंखा गरगर फिरतोय आणि घरात माणूस नाही. पोरगी जिन्यात बसून हमसून हमसून रडायला लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांना वर नेलं. मी एकटीच राहिले."

वर गेले होते हे खरं होतं. गच्चीवर. अचानक आभाळ भरून आलं म्हणून सासूबाई कुरडया गोळा करायला अनवाणीच धावल्या होत्या आणि चादरीचं दुसरं टोक धरायला सासरे त्यांच्या मागे.

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. पुढे कितीतरी रात्री ती मध्येच उठून अंधारात माझा हात चाचपायची. मग एकदा उशीखाली पुस्तक सापडलं. शेवटच्या काळाबद्दलची इंग्रजी कादंबरी, मुलांसाठी लिहिलेली. एका सकाळी प्रभूने आपल्या लोकांना उचलून नेलंय आणि शाळकरी मुलं मागे राहिली आहेत, रिकाम्या घरांतून आईबापांचे नुसते कपडे पडलेत. पुस्तक कुठून आलं हे शोधायला लांब जावं लागलं नाही. रविवारी मुलांना शास्त्र शिकवणाऱ्या आपल्या शब्बाथ शाळेने वाटलेल्या उन्हाळी वाचनाच्या यादीत ते सातव्या क्रमांकावर होतं. यादीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : ख्रिस्ती कुटुंबातील मुलांसाठी सुरक्षित पुस्तके.

या वर्षीची यादी निघायची आहे. म्हणून आधीच लिहिते आहे. खाजगीत बोलून झालं आहे, त्याचं काय झालं तेही सांगते.

गेल्या वर्षी मी त्या यादीबद्दल चौकशी केली. यादीत चोवीस पुस्तकं होती. बावीस इंग्रजी, दोन मराठी, आणि ती दोनही भाषांतरं. खाली एक चौकट होती : भुतंखेतं, जादू, परीकथा आणि अन्य धर्मांच्या देवदेवता ज्यांत आहेत अशी पुस्तके मुलांच्या हाती देऊ नयेत. उदाहरणादाखल पाच-सहा नावं, त्यात ‘श्यामची आई’. मी एवढंच विचारलं की या चोवीसपैकी कोणती पुस्तकं आपल्यापैकी कुणी वाचली आहेत, आणि खालच्या चौकटीतली कोणती वाचली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, "परदेशातल्या एका चांगल्या संस्थेच्या यादीवरून घेतलीत." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, "बाई, उगाच वाद कशाला?"

वाद घालायचा नाही. माझं मागणं एका ओळीचं आहे. जे पुस्तक आपल्या मंडळीतल्या कुणा मोठ्या माणसाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही, ते यादीत घालू नका. आणि न वाचता यादीतून काढूही नका.

तुमची काळजी मला कळते. आपण थोडके आहोत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक शेकडा एकही भरले नाहीत. पोरं दिवसभर शाळेत, क्लासला, मोबाइलवर असतात, त्यांच्या कानावर काय पडतं हे आपल्या हातात नाही. निदान सुट्टीत हातात पडणारं पुस्तक तरी आपलं असावं, असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटतं. पण ‘आपलं’ म्हणजे काय, हे मलपृष्ठावरच्या क्रुसावरून ठरवायचं की काय?

हा प्रश्न चारशे वर्षं जुना आहे. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे आपल्याला नाताळच्या भाषणात एकदा आठवतात आणि मराठी भाषेची स्तुती झाली की पुन्हा कपाटात जातात. त्या ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे, तो फारसं कुणी सांगत नाही. गोव्यातल्या साष्टीत धर्मशिक्षणाचा वर्ग चाललाय. नवा बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण उठतो आणि पाद्रींना विचारतो की तुम्ही शिकवता ते उत्तम आहे, पण आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग आता वेळ घालवायला, मन रमवायला आम्ही वाचायचं काय? त्याचं उत्तर म्हणून स्टीफन्सनी जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या आणि १६१६ साली छापल्या. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने! नुसती मनाईची चौकट छापून त्यांना भागवता आलं असतं. (त्या काळी मनाई मोडणाऱ्याला शिक्षाही होती, हे वेगळं.) त्यांना समजलं की माणसाच्या हातातून एक पुस्तक काढून घेतलं तर त्याच तोलामोलाचं दुसरं ठेवावं लागतं. आणि ते त्याच्याच छंदात, त्याच्याच बोलीत.

आता आपल्या पोरांच्या हातात आपण काय ठेवतो ते पाहू. मुलांसाठीच्या बायबलकथांची चित्रमय पुस्तकं घरोघरी आहेत. माझ्याकडे चार आहेत, बाप्तिस्म्यात आलेली. त्यांतली योनाची गोष्ट काढून बघा. चारही पुस्तकांत मासा आहे, माशाच्या पोटात मेणबत्ती लावून बसलेला योना आहे (मेणबत्ती कुठून आणली कोण जाणे), मग किनारा, मग निनवे शहर पश्चात्ताप करतं आणि सगळं छान होतं. तात्पर्य : देवाचं ऐकावं.

शास्त्रात गोष्ट तिथे संपत नाही. चार अध्यायांपैकी शेवटचा सगळा अध्याय चित्रांच्या पुस्तकांनी कापून टाकलाय. मागच्या सुट्टीत मी ठरवलं की माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट शास्त्रातूनच वाचून दाखवायची. दुपारी जेवणं झाल्यावर, पंख्याखाली चटई टाकून, रोज एक अध्याय. तिसऱ्या अध्यायात निनवेचा राजा हुकूम सोडतो की माणसांबरोबर गुराढोरांनीही उपास करायचा आणि गोणपाट पांघरायचं. गोणपाट पांघरून उपाशी उभी राहिलेली गाय डोळ्यांपुढे आणून पोरगा चटईवर लोळला. चित्रांच्या पुस्तकात ही गाय नाही. का नाही?

आणि चौथ्या दिवशी तो गंभीर झाला. शहर वाचलं म्हणून योना रागावतो. मरून जावंसं वाटतं म्हणतो. शत्रूला माफी मिळाली हेच त्याला सोसत नाही. डोक्यावर सावली धरणारा वेल एका रात्रीत वाढतो, दुसऱ्या दिवशी किडा लागून वाळतो, तर हा त्या वेलासाठी हळहळतो. मग देव त्याला विचारतो की तू एका वेलासाठी एवढा कळवळतोस, मग ज्यांना आपला उजवाडावा हातही कळत नाही अशा एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांच्या त्या शहरासाठी मी कळवळू नये? आणि तिथे गुरंढोरंही पुष्कळ आहेत. बस्स. पुस्तक संपलं.

"मग योना काय म्हणाला?" मुलाने विचारलं.

"पुढे काही लिहिलेलं नाही."

त्याने पान उलटून बघितलं. पुढे मीखाचं पुस्तक सुरू झालेलं. "पान फाटलंय का?" मग आजोबांचं शास्त्र आणलं, त्यातही तसंच. दोन पुस्तकांची पानं फाटलेली असू शकत नाहीत एवढी अक्कल त्याला आहे. तो चिडला. असं कुणी गोष्ट अर्धवट सोडतं का? संध्याकाळी खाली क्रिकेट खेळायला गेला आणि परत आल्यावर आपण होऊन म्हणाला, "बी विंगवाल्यांना मी माफ केलेलं नाही हां." मी त्यांचं नावसुद्धा काढलेलं नव्हतं.

तात्पर्य छापलेल्या पुस्तकाने हे झालं नसतं. तात्पर्य वाचून मूल पुस्तक मिटतं.

दुसरी गोष्ट सांगते, ती आमच्या घरात आजवर झालेल्या सगळ्या वाचनापेक्षा मला मोठी वाटते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने आली. ते मुलांचं पुस्तक नाही. पण लक्ष्मीबाईंना शाळा अशी मिळाली नाही, म्हणूनच की काय, त्या जसं बोलतात तसं लिहितात, आणि बोलल्यासारखं लिहिलेलं मोठ्याने वाचलं की इंग्रजी माध्यमाच्या पोरांनाही कळतं. आम्ही सुरुवातीची प्रकरणं वाचली. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याने इतके पछाडलेले की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची सोय नाही. मुलं हसत होती. मुलगीही, बऱ्याच दिवसांनी. आणि कोपऱ्यात पेपर वाचणारे माझे सासरे पेपर खाली ठेवून म्हणाले, "ते ज्यांच्यामुळे धुवायचे ना, ते आपण."

मुलांना कळेना. मग म्हातारा माणूस तासभर बोलला. नेवाशाकडचं गाव, गावकुसाबाहेरची घरं, विहिरीवर ओंजळीत वरून ओतलेलं पाणी, मिशनच्या शाळेत बाकावर बसल्याचा त्यांच्या वडिलांचा पहिला दिवस. मला लग्नाला पंधरा वर्षं झाली, यातलं निम्मं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानेही नाही. त्याच पुस्तकात पुढे लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली बाप्तिस्मा घेतात, नवराबायकोची ताटातूट होते, आणि लक्ष्मीबाईंच्या मनातून शिवाशिव, जात कशी गळून पडते ते त्या स्वतःला जराही सांभाळून न घेता सांगतात. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. सोवळं वाहणारं घर आणि सोवळ्याबाहेर ठेवलेलं घर, दोघांच्या लेकी एकाच बाकावर बसून उपासना संगीत गायला लागल्या, त्याचा हा कागद आहे. आपल्या यादीत तो नव्हता. विचारल्यावर उत्तर आलं, "मुलांना अवघड जाईल." शेवटच्या काळाची कादंबरी मात्र अवघड गेली नसती!

आता ‘श्यामची आई’. त्यात देव्हारा आहे, सणवार आहेत, व्रतं आहेत. साने गुरुजी कोकणातल्या ब्राह्मण घरातले, तर असणारच. पण ज्या माणसाने ते पुस्तक लिहिलं, त्याने मे १९४७ मध्ये पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केलं. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून. म्हणजे आपल्याच पणजा-आज्यांच्या भावकीसाठी. त्या माणसाचं पुस्तक आपण ‘अन्य धर्मांच्या देवदेवता’ म्हणून चौकटीत टाकलं. मला हे लिहितानाही लाज वाटते. माझ्या मुलांनी ते वाचलं. "ते लोक असं का करतात?" असं चार ठिकाणी विचारलं, आम्ही चार ठिकाणी उत्तर दिलं, एका ठिकाणी मलाच येत नव्हतं तर समोरच्या जोशीकाकूंना विचारून आलो. विश्वासाला कुठे चरा गेल्याचं मला दिसलं नाही. जोशीकाकूंनी उलट लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचायला नेलंय, चार महिने झाले, परत मिळायची आशा नाही.

मी काही सगळंच चालतं म्हणणारी नाही. घाणेरडं, क्रूर, दुसऱ्याला हिणवणारं पुस्तक मीही हातातून काढून घेते. पण माझ्या नकोच्या यादीत काही ‘सुरक्षित’ पुस्तकंही आहेत. ज्यात आजारी मुलगा शेवटपर्यंत हसतमुख राहून मरतो आणि सगळी चाळ बाप्तिस्मा घेते, ते. ज्यात आज्ञाधारक मुलीला शेवटी सायकल मिळते, ते. देव म्हणजे सायकलचा दुकानदार, एवढंच त्यातून कळतं. आणि जे पोरांना अंधारात आईचा हात चाचपायला लावतं, ते. प्रभूचं येणं ही आपल्या आजीआजोबांची आशा होती, ते तिच्यावर गाणी म्हणायचे. तिचं भूत करून अकरा वर्षांच्या पोरीच्या उशाखाली ठेवायचं काय कारण?

इंग्रजीबद्दलही एक बोलते, कारण यादीत बावीस पुस्तकं इंग्रजी का, याचं कारण खरं आहे आणि ते कमिटीत नाही, आमच्याच घरांत आहे. पोरं इंग्रजी शाळेत घातली आम्ही. माझी मुलगी ‘ख्रिस्ताच्या’ हा शब्द वाचताना जोडाक्षरापाशी अडखळते. चर्चमध्ये पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचतात तेव्हा ही पोरं मोबाइलवर इंग्रजी बायबल काढून बसतात. ज्या समाजाच्या बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीची वाट पाडली, ज्यांचं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक १८४२ साली सुरू झालं, ज्यांच्या रेव्हरंड टिळकांना महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणतो, त्या समाजाची फुलंमुलं टिळकांची कविता वाचू शकत नाहीत. बर्फात घसरगाडी खेळणाऱ्या मुलांच्या गोष्टींना माझी हरकत नाही, मीही त्याच वाचून वाढले. पण भांडुपच्या मे महिन्यात घामाने निथळत फक्त बर्फच वाचायचा?

उपाय फार महाग नाही. इंपोर्ट केलेल्या एका पुस्तकाच्या पैशांत मराठीत चार येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत, छापून घेतले की झालं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ साली स्थापन झालेलं. मुलांना रविवारी उपासनेनंतर तिथवर नेलं तर अर्ध्या दिवसाची सहल होते आणि येताना वडापाव. मुख्य म्हणजे मोठ्याने वाचायचं. मूल अडखळतं तिथे आपण वाचायचं, आपण अडखळतो तिथे आजीने. उन्हाळी बायबल वर्गात गाणी छान होतात, हस्तकला होते, सुवर्णवचनं पाठ होतात, त्यात मी लुडबुड करत नाही. रोजची शेवटची वीस मिनिटं फक्त एका माणसाने एक पुस्तक वाचून दाखवावं. पंडिता रमाबाईंचं तारुण्यापर्यंतचं आयुष्य घ्या. दुष्काळात आईवडील गेलेले, भाऊबहीण देशभर पायी फिरतायत, पुराणं सांगतायत, कलकत्त्याला त्या मुलीला पंडिता म्हणून मान मिळतो. पुढे १८८९ साली याच मुंबईत, चौपाटीवर, त्यांनी शारदा सदन उघडलं. पोरं चौपाटीला फक्त कुल्फी खायला जातात, त्यांना हे कुणी दाखवलेलं नाही. आणि त्याच रमाबाईंनी अखेरची वर्षं शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून. आपली जोडाक्षराला अडणारी पोरं त्या बायकांपेक्षा फार पुढे नाहीत, असं मी प्रेमानेच म्हणते.

आता कामाचं. चर्चच्या हॉलमध्ये, गाद्यांच्या मागे, पुस्तकांचं लाकडी कपाट आहे. काचेतून दिसतं तेवढं मी बघितलंय : बांधीव ‘ज्ञानोदय’, टिळकांच्या कविता, एक जाड पुस्तक ज्याची पाठ कसरीने खाल्ली आहे. कपाटाला कुलूप आहे. किल्ली जुन्या सेक्रेटरींकडे आणि ते आठ वर्षांपूर्वी कल्याणला राहायला गेले. मी त्यांना फोन केला. किल्ली आहे, देवघेवीच्या वहीसकट आहे. वहीतली शेवटची नोंद कधीची आहे हे त्यांनी सांगितलं नाही, फक्त हसले.

येत्या शनिवारी मी कल्याणला जाऊन ती घेऊन येते आहे. रविवारी उपासनेनंतर कपाट उघडू. डांबराच्या गोळ्या मी आणते, फडकी स्त्रीसभेने द्यावीत. या वर्षीच्या यादीसाठी सहा पुस्तकं मी वाचते आणि प्रत्येकावर चार ओळी लिहून खाली सही करते, म्हणजे कुणाच्या पोराची झोप उडाली तर दार कुणाचं ठोठवायचं ते ठाऊक राहील. पंचकमिटीत नऊ जण आहेत, शब्बाथ शाळेत पाच शिक्षक. प्रत्येकाने दोन घेतली तरी यादी गेल्या वर्षीपेक्षा मोठी होते. पाळकसाहेब, तुम्हाला मी ‘श्यामची आई’ देणार आहे. माझीच प्रत आहे, चहाचे डाग आहेत, सांभाळून घ्या.

आपली नम्र,
मंडळीतली एक आई, भांडुप